त्रासदायक सहकारी आणि प्रार्थना : ख्रिस्ती शिकवण नेमकं काय सांगते?

ड्युटी बदलून देतो म्हणून ऐनवेळी हात वर करणारा, आपलं काम स्वतःच्या नावावर खपवणारा किंवा सगळ्यांसमोर टोमणे मारणारा सहकारी बहुतेक ठिकाणी असतो. सातारा-सांगली भागात ख्रिस्ती समाज जुना आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. इथली अनेक ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यानपिढ्या दवाखाने आणि शाळांत नोकरी करत आली आहेत. अशा वेळी त्यांची श्रद्धा त्यांना काय सांगते?

प्रार्थना कशासाठी?

छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितलं (मत्तय, अध्याय ५). म्हणजे 'त्याची बदली होऊ दे' असं मागणं नव्हे. समोरच्याचं भलं मागायचं आणि स्वतःच्या मनातला राग देवापुढे ठेवायचा. समोरचा लगेच बदलेलच असं नाही, पण आपण रागाच्या भरात उत्तर देत नाही.

मग गप्प बसायचं का?

नाही. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात तीन पायऱ्या आहेत :

१. आधी त्या व्यक्तीशी एकट्यात बोला.
२. ऐकलं नाही, तर एक-दोन जणांना सोबत घ्या.
३. तरीही ऐकलं नाही, तर मंडळीसमोर विषय मांडा.

ही शिकवण मंडळीतल्या भावाबहिणींसाठी आहे, पण क्रम ऑफिसातही उपयोगी पडतो. तिथे तिसरी पायरी म्हणजे वरिष्ठ किंवा एचआर. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राग काढणं म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या गाळणं.

पटलंच नाही तर?

पौल आणि बर्णबा हे जवळचे सहकारी. मार्कला सोबत न्यायचं की नाही, यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि दोघे वेगळ्या वाटांनी गेले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५). पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्कला बोलावून घेताना तो सेवेसाठी उपयोगी असल्याचं म्हटलं आहे. वेगळं होणं म्हणजे कायमचं वैर नव्हे.

साताऱ्यातलं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. ख्रिस्ती धर्माने पाश्चात्त्य वेश सोडून इथल्या मातीत रुजावं, हा त्यांचा आग्रह होता. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मतभेदातून बाहेर पडूनही त्यांनी सेवा सोडली नाही.

क्षमा केली, आता तक्रार करू नये?

क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं. अन्याय चालू देणं हा तिचा अर्थ नाही. स्वतः पौलानेही रोमन नागरिक म्हणून आपला कायदेशीर हक्क बजावला होता. लैंगिक छळ होत असेल, तर एकट्याने समोरासमोर बोलायची सक्ती स्वतःवर करू नका. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. जिथे ती नाही, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते. त्यामुळे तारखा, मेसेज आणि साक्षीदारांची नावं आजच लिहून ठेवा.

प्रार्थना करणं आणि तक्रार करणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं.