गिनीपिगच्या मूत्रविकारांची ओळख

निरोगी गिनीपिगची लघवीही गढूळच असते. खाण्यातले कॅल्शियम बहुतेक प्राण्यांचे आतडे गरजेपुरते शोषते. गिनीपिगचे मात्र सशासारखे, मिळेल त्यातले बरेचसे शोषून घेते आणि जादाचे लघवीवाटे बाहेर पडते. लघवीचा सामू ८ ते ९, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक तयार होतात आणि लघवी वाळली की पांढरट पूड मागे राहते. रोग ओळखायचा तर आधी हे स्वाभाविक रूप ठाऊक हवे. पण रुग्ण म्हणून या प्राण्याकडे पाहिले गेले ते फार उशिरा.

अँडीज पर्वतातल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले ते मांसासाठी. तिथले वैदू आजारी माणसाच्या अंगावरून जिवंत गिनीपिग फिरवत, मग तो चिरून त्याच्या अवयवांवरून माणसाच्या रोगाचे निदान करत. ही चाल अजूनही आढळते. सोळाव्या शतकात हा प्राणी युरोपात पोहोचला आणि १५५४ साली कोनराड गेसनरने त्याचे वर्णन केले. हौसेने पाळणारे तेव्हापासून होतेच, पण वैद्यकाला त्याची ओळख झाली ती प्रयोगशाळेत.

रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू सिद्ध केला, त्यात गिनीपिगचा मोठा वाटा होता. पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनने त्याआधी पॅरिसमध्ये पटकीचे जंतू गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक नेऊन जहाल केले होते. माणसाच्या मूत्रपिंडाचा क्षय ओळखण्यासाठी तर विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही गिनीपिगच वापरात होता. रुग्णाच्या लघवीचा साका काढून त्याला टोचत, काही आठवड्यांनी त्याला मारत आणि प्लीहा, यकृत व लसिकाग्रंथींत क्षयाच्या गाठी दिसतात का ते पाहत. माणसाच्या लघवीची परीक्षा अशी त्याच्या देहावर झाली; त्याच्या स्वतःच्या मूत्राशयाकडे पाहण्याचे कारण तिथे फारसे नव्हते. शिवाय प्रयोगातले प्राणी म्हातारे होण्याआधीच मारले जात, आणि मुतखड्यासारखे विकार बहुधा प्रौढ वयात होतात.

प्रयोगशाळेतूनच दोन मोलाच्या गोष्टी कळल्या. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी निव्वळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही होते असे दाखवले. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून आजारात खाणे सुटले की ते वरून द्यावे लागते.

दुसरी गोष्ट पेनिसिलिनची. मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरीने पेनिसिलिन उंदरांवर आजमावले आणि ते वाचले. १९४३ साली अमेरिकेत डोरोथी हॅम्रे व सहकाऱ्यांनी तेच औषध गिनीपिगना टोचले, तेव्हा ते काही दिवसांत मेले. पहिली चाचणी गिनीपिगवर झाली असती, तर हे औषध विषारी ठरवून कदाचित बाजूला ठेवले गेले असते. कारण पुढे उलगडले: पेनिसिलिनने आतड्यातले उपकारक जंतू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने प्राणी दगावतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांचाही धोका तोच. माणसाच्या लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास दिली जाणारी गोळी घरच्या घरी गिनीपिगला देणे म्हणूनच जिवावर बेतते.

सुरक्षित उपचाराची वाट १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ट्रायमेथोप्रिम-सल्फा या जोडऔषधाने आणि १९८०च्या दशकातल्या एन्रोफ्लॉक्सासिनने मोकळी केली. वाढत्या वयातल्या पिलांच्या कूर्चेला मात्र यातले दुसरे औषध इजा करू शकते.

पाळीव गिनीपिग पाच-सात वर्षे जगू लागले, पशुवैद्याकडे नेले जाऊ लागले, तेव्हा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे चित्र स्पष्ट झाले. मादीत तो अधिक, कारण तिचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि त्याचे तोंड गुदद्वाराजवळ. विष्ठेतला ई-कोलाय सहज वर चढतो. गिनीपिग पाठीला पोक काढून बसतो, लघवी करताना कण्हतो किंवा किंचाळतो, थेंब-थेंब करतो, मागची लव ओली राहते, अंथरलेल्या कापडावर लालसर डाग पडतात. लाल रंग दर वेळी रक्ताचाच नसतो, काही रंगद्रव्यांनीही तो येतो. मादीत रक्त गर्भाशयातून आलेले असू शकते. म्हणून लघवीची तपासणी लागतेच. सोनोग्राफी करत सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतला, तर कल्चर भरवशाचे येते.

एक्स-रेही तितकाच महत्त्वाचा, कारण मुतखडा आणि जंतुसंसर्ग यांची लक्षणे सारखीच असतात आणि दोन्ही एकत्रही आढळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे निघाले. असे खडे एक्स-रेत स्पष्ट दिसतात. ते विरघळवणारे औषध नाही. मोठा खडा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो आणि तो पुन्हा होऊ शकतो. खडा आत असेपर्यंत प्रतिजैविकाने आलेला आरामही टिकत नाही.

नुसत्या संसर्गावर प्रतिजैविक बहुधा दोन-तीन आठवडे द्यावे लागते. जोडीला वेदनाशामक, त्वचेखालून सलाइन आणि क जीवनसत्त्व. प्रौढ गिनीपिगला कॅल्शियमने भरलेला लसूणघास टाळून साधे वाळलेले गवत मुबलक घालतात आणि ओला पाला देऊन पोटात पाणी जाईल असे पाहतात. औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासतात.