अँटीव्हायरसमुळेच लॅपटॉप क्रॅश होतोय? निळी स्क्रीन आली तर काय कराल

रात्री अकरा वाजता मावसभावाचा फोन आला. "दादा, लॅपटॉप चालू केला की निळी स्क्रीन येते आणि परत रीस्टार्ट होतो. उद्या प्रोजेक्ट सबमिट करायचाय!" आदल्या दिवशी त्याने एक अँटीव्हायरस असताना दुसरा टाकला होता. गडबड तिथेच होती.

असं का होतं?

साधं ॲप क्रॅश झालं तर तेवढंच बंद पडतं. अँटीव्हायरसला मात्र प्रत्येक फाइल उघडतानाच तपासायची असते, म्हणून त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात चालतो. तिथे चूक झाली की डेटा खराब होऊ नये म्हणून विंडोज अख्खी सिस्टिमच थांबवतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे हेच झालं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे काही एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

दोषी कोण, कसं ओळखाल?

स्क्रीनवर 'व्हॉट फेल्ड'पुढे फाइलचं नाव दिसलं तर लगेच फोटो काढा आणि ते नाव गुगल करा. नाव विंडोजच्याच फाइलचं असलं तरी खरा दोषी दुसरा असू शकतो. अशा वेळी क्रॅश सुरू होण्याआधी काय इन्स्टॉल किंवा अपडेट झालं होतं, ते आठवा.

आता हे करा

१. विंडोज सुरू होत असतानाच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरी स्क्रीन येते.
२. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट या क्रमाने जा. मग ४ दाबा, सेफ मोड सुरू होईल. घाबरून 'रीसेट धिस पीसी'ला हात लावू नका.
३. बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली, तर फोनवरून लॅपटॉपच्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा. बहुतेक वेळा ती तिथे सेव्ह असते.
४. सेफ मोडमध्ये बाहेरच्या कंपन्यांचे बहुतेक ड्रायव्हर लोड होत नाहीत. अँटीव्हायरस अनइन्स्टॉल करा. होत नसेल तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर आणा.
५. रीस्टार्ट करा. दुसरा अँटीव्हायरस नसेल तर विंडोजचा डिफेंडर आपोआप सुरू होतो. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आधी आयटी टीमला विचारा.

आणि फोनचं काय?

अँड्रॉइडवर अँटीव्हायरस हे इतर ॲप्ससारखंच वेगळ्या कप्प्यात चालतं, कर्नलमध्ये नाही. त्यामुळे ते स्वतः क्रॅश झालं तरी फोन सहसा बंद पडत नाही.

भावाचा प्रोजेक्ट वाचला. अँटीव्हायरस काढायला दहा मिनिटं लागली, पण बिटलॉकरची की शोधण्यात तास गेला. लॅपटॉप सेट करताना कोणता ईमेल टाकला होता, तेच त्याला आठवत नव्हतं! तुम्ही तुमची की आजच शोधा आणि वहीत लिहून ठेवा.