धर्मग्रंथ आणि स्वभाषा : वसईच्या निमित्ताने

वसई तालुक्यातील नालासोपारा म्हणजे पालि वाङ्मयातील सुप्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याची लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. धम्माची गोष्ट लोकांच्या बोलीत सांगावी, ही दृष्टी येथे दगडावर कोरलेली आहे.

याच तालुक्यात पुढे ख्रिस्ती धर्म रुजला. १५३४ ते १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. चर्चमधील मिस्सा लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) तिथे लोकभाषेला खरे स्थान मिळाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, परंतु ते ओवीबद्ध निरूपण होते, भाषांतर नव्हे. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. या परंपरेतील अलीकडचा टप्पा म्हणजे वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल'. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसईच्या लढ्यातील कार्यकर्ते आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेले फादर २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले.

ग्रंथ स्वभाषेत आला की अर्थनिर्णयाची जबाबदारी वाचकावर येते. येशूची बोली अरामाईक. शुभवर्तमाने मात्र त्यांच्यानंतर काही दशकांनी ग्रीकमध्ये लिहिली गेली. मत्तयच्या शुभवर्तमानात 'आत्म्याने दीन' असलेल्यांना धन्य म्हटले आहे. लूकच्या शुभवर्तमानात नुसते 'दीन' आहेत. एका शब्दाच्या फरकाने वचनाचा रोख उपाशी माणसावरून अंतःकरणातील नम्रतेकडे वळतो. तसेच 'मेटानोइआ' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ मन पालटणे असा आहे. मराठीत तो 'पश्चात्ताप' झाला.

आम्हां पालिच्या अभ्यासकांना ही अडचण परकी नाही. चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची अनुज्ञा मागतात. भगवंत ती नाकारतात आणि 'सकाय निरुत्तिया' शिकण्यास सांगतात. आचार्य बुद्धघोष यांनी त्याचा अर्थ 'बुद्धांची स्वतःची मागधी' असा केला. अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते तो 'ज्याच्या त्याच्या बोलीत' असा आहे. प्रसंगाचा संदर्भ पाहता आम्हांस दुसरा अर्थ ग्राह्य वाटतो. संस्कृताची सक्ती नाकारून तिच्या जागी मागधीची सक्ती आणण्यात काय साधले असते?

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. 'निब्बान'ला मोक्ष म्हटले, 'धम्म'ला रिलिजन म्हटले, की बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कष्टाने दाखविलेला भेद पुसला जातो. आणि विहारात आपण गाथा तोंडपाठ म्हणतो, पण शब्दाशब्दाचा अर्थ किती जणांना सांगता येईल? अर्थ न कळता म्हटलेली गाथा लॅटिन मिस्सेहून निराळी कशी?

वर्षावासात विहारांतून बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होते. त्याच्या जोडीला रोज एक पालि गाथा पदच्छेद करून, मराठी अर्थासह शिकविली जावी, असे आम्ही सुचवितो. त्यासाठी पंडित लागत नाही. एक कोश, एक व्याकरण आणि शंका विचारण्याची मोकळीक पुरेशी आहे.