बालाघाटाची उतरण आणि जुन्या मोटारींचे ब्रेक

बीड जिल्ह्याच्या मधोमध पसरलेल्या बालाघाटाच्या रांगेने या मुलखाचे दोन भाग केले आहेत: उत्तरेस गोदावरीच्या खोऱ्यातील गेवराई, माजलगाव हे सखल तालुके आणि दक्षिणेस मांजरेच्या उगमाकडील पाटोदा, केज, अंबाजोगाई हा पठारी प्रदेश. या दोहोंना जोडणाऱ्या मांजरसुंब्याच्या आणि धारूरच्या घाटांतून आजवर माणसे, माल आणि सरकारी टपाल यांची ये-जा झाली; आणि खुद्द बीड शहरात प्रवासी आगगाडी येण्यास 17 सप्टेंबर 2025 हा दिवस उजाडावा लागल्यामुळे रस्त्यावाचून या शहराला दुसरी गतीच नव्हती. ज्या जिल्ह्याचा सारा व्यवहार घाट चढण्या-उतरण्यावर अवलंबून असतो, तेथे वाहनाच्या वेगाइतकेच त्याच्या थांबण्याला महत्त्व येते.

बैलगाडीच्या काळी हा प्रश्न चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबून सोडवला जाई, आणि उरलेला भार बैल आपल्या खांद्यावर पेलत. पुढे निजामाच्या अमदानीत, जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून चालत असता, हैदराबाद संस्थानच्या रेल्वेने जून 1932 मध्ये 27 बसगाड्या आणि 166 नोकर यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. मुंबई इलाख्यात पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली ती 1 जून 1948 रोजी, म्हणजे तब्बल 16 वर्षांनी. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये त्याची प्रवासी वाहतूक राज्याच्या एकाच महामंडळात विलीन झाली.

याच सुमारास खासगी आणि सरकारी मोटारींचे तीन घराणेदार वंश ग्रामीण महाराष्ट्रात रूढ झाले: हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, महिंद्रांची जीप, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची फियाट, जी पुढे पद्मिनी या नावाने घरोघर परिचित झाली. या तिन्ही गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. चाकाबरोबर फिरणारे ओतीव लोखंडाचे भांडे, त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू, त्यांवर बसवलेले लायनर, आणि पायाच्या दाबाने ब्रेक ऑइल पुढे रेटून ते शू भांड्याच्या अंतर्भागावर घासवणारा व्हील सिलिंडर, अशी ती रचना होती. फिरत्या भांड्याच्या ओढीनेच शू अधिक घट्ट रुतत असल्याने थोड्या जोराने गाडी थांबे. हा तिचा खरा गुण होता, आणि सपाटीवर, खडीच्या रस्त्यावर, मध्यम वेगाने जाणाऱ्या गाडीला तो पुरेसाही होता.

दोष प्रकट होई तो उतारावर. अकराशे किलो वजनाची गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा तिची जी ऊर्जा ब्रेकने शोषावी लागते, तिने तीन लिटर थंड पाण्याला उकळी यावी. ही सारी उष्णता बंद भांड्यात कोंडली की भांडे तापून फुगते, शूपासून दूर सरते, लायनरची पकड सुटते, आणि पेडल खोल जाऊनही गाडी आटोक्यात येत नाही. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढल्यावर ओल्या लायनरची तीच तऱ्हा. म्हणून जुने ड्रायव्हर घाटाच्या माथ्यावरच गाडी खालच्या गिअरमध्ये टाकीत आणि इंजिनाच्या अडवणुकीवर उतार काटीत. ही शिस्त म्हणजेच त्या काळचा खरा ब्रेक होय.

उपाय मात्र जगाला ठाऊक होता. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1902 मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. 1953 साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने बाजी मारली, आणि 1955 मध्ये सित्रोएनने आपल्या नव्या मोटारीच्या पुढील चाकांना डिस्क दिली. यात चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या तबकडीला कॅलिपरमधील पॅड दोन्ही बाजूंनी चिमटतात; ही तबकडी वाऱ्याने निवते, पाणी झटकून टाकते, आणि तापून फुगली तरी पॅडकडेच सरकते. इटलीत फियाटने 1966 च्या 1100 आर या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवले. आपल्याकडील तिची बहीण मात्र त्यानंतरही दीर्घकाळ ड्रमवरच धावत राहिली, कारण परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून उभे असताना सुधारणेची निकड कारखानदारास भासण्याचे कारण नव्हते.

दरम्यान रस्ते पालटले. जिल्ह्यातून जाणारा धुळे-सोलापूर मार्ग चौपदरी महामार्ग झाला, वाहनांचा वेग वाढला, आणि समोरची आधुनिक मोटार जेवढ्या अंतरात थांबते तेवढ्या अंतरात थांबणे जुन्या गाडीस भाग पडू लागले. जुन्या अ‍ॅम्बेसेडरला, फियाटला वा जीपला डिस्क बसवण्याची निकड यातून निर्माण झाली आहे. परंतु तबकडी आणि कॅलिपर आणून जोडले की काम संपले, असे मानणे घातक होय. शूची ती आपोआप रुतण्याची किमया डिस्कमध्ये नसल्याने पायाचा जोर अधिक लागतो आणि त्यासाठी बहुधा तो जोर वाढवणारा बूस्टर बसवावा लागतो. पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या, ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये दाब धरून ठेवणारी झडप असल्यास पॅड तबकडीला घासतच राहतात. कॅलिपरला तेल अधिक लागत असल्याने मास्टर सिलिंडरही त्या मापाचा हवा. मागील चाके आधी जखडू नयेत म्हणून पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण साधावे लागते. आणि हँडब्रेकसाठी मागचे ड्रम राखणेच सोयीचे ठरते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध घालते, हेही विसरून चालणार नाही.

ऐतिहासिक वस्तूचे मूळ रूप जपावे हा आग्रह रास्त आहे. परंतु मोटार जोवर रस्त्यावर धावते तोवर तिच्यावर आतल्यांच्या आणि समोरून येणाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी असते, आणि ज्या रस्त्यांसाठी ते ड्रम घडवले गेले ते रस्तेच आता उरलेले नाहीत. म्हणून घाटात नेमाने फिरणाऱ्या गाडीला डिस्क बसवणे योग्यच होय. मात्र मालकाने आधी परिवहन कचेरीत लेखी विचारणा करावी, काम जाणत्या मिस्त्रीकडून पूर्ण करून घ्यावे, सपाटीवर कसून पारखावे, आणि काढलेले मूळ ड्रम, शू व सिलिंडर तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत. म्हणजे पुढच्या पिढीला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटल्यास तिची अडचण होणार नाही.