मोटारीपासून ट्रॅक्टर : स्वीडनमधील ‘एपा’ ट्रॅक्टरचा इतिहास

शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या दप्तरांवरून लिहिला जातो. कोणत्या कंपनीने कोणत्या साली किती ट्रॅक्टर तयार केले व विकले, यांवरून प्रगतीची रेषा आखली जाते. या साधनाची मर्यादा उघड आहे : जे यंत्र कारखान्यात तयारच झाले नाही, ते उत्पादनाच्या आकड्यांत येत नाही. जुन्या मोटारी व ट्रक मोडून शेतकऱ्यांनी व गावच्या कारागिरांनी बनविलेले ट्रॅक्टर अशांपैकीच होत. प्रस्तुत लेखात स्वीडनमधील ‘एपा’ ट्रॅक्टरच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ही कल्पना केवळ स्वीडनची नव्हे. अमेरिकेत १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ मोटारीस मागील बाजूने मोठी लोखंडी चाके व दातेरी चक्रे जोडून तिच्याकडून नांगर ओढून घेण्याची सामग्री पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विकत मिळू लागली होती. दुसऱ्या महायुद्धात नव्या यंत्रांची टंचाई झाली, तेव्हा अशा घरगुती ट्रॅक्टरांचा तेथे पुन्हा प्रसार झाला. त्यांस ‘डूडलबग’ म्हणत.

मोटारीचा ट्रॅक्टर करण्यात मुख्य अडचण शक्तीची नसून गतीची असते. मोटारीचे इंजिन वेगाने धावण्यासाठी जुळविलेले असते. नांगरटीस मंद गती व मोठी ओढ हवी. यावर कारागिरांनी शोधलेला उपाय म्हणजे एकामागे एक दोन गिअर-पेट्या बसविणे. प्रत्येक पेटीत गती तिसऱ्या हिश्श्यावर येत असेल, तर दोहोंनी मिळून ती नवव्या हिश्श्यावर येते, आणि घर्षणाची हानी सोडल्यास ओढ नऊपट होते. याच्या जोडीला सांगाडा आखूड करणे, ट्रकचा भक्कम मागील आस बसविणे आणि चाकांची पकड वाढावी म्हणून मागे वजन लादणे, हे फेरफार केले जात. यांकरिता लागणारे ज्ञान कोणत्याही ग्रंथातले नव्हते. ते गॅरेज व लोहारशाळा यांतून हस्तांतरित झाले.

स्वीडनमध्ये या यंत्रांना बहर आला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वे व्यापल्यावर तटस्थ स्वीडनचा पश्चिमेकडील सागरी व्यापार जवळजवळ खुंटला. पेट्रोलअभावी खाजगी मोटारी उभ्या राहिल्या. ज्या धावत, त्यांतील पुष्कळशा लाकडापासून काढलेल्या वायूवर धावत. एकीकडे निकामी मोटारी व दुसरीकडे ट्रॅक्टरांची उणीव, या दोहोंच्या संयोगातून हे यंत्र सर्वत्र पसरले. ‘एपा’ हे मूळ नाव १९३० साली स्थापन झालेल्या एका स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीचे. ते स्वस्त व हलक्या प्रतीच्या वस्तूंना लावले जाऊ लागले, आणि त्याच भावनेने या ट्रॅक्टरास चिकटले. नावात उपहास असला तरी वस्तू उपयोगाची होती.

शासनाने या रूपांतरित वाहनांस ट्रॅक्टर म्हणून मान्यता देऊन त्यांचे नियम केले. युद्धानंतर १९४६ पासून फर्ग्युसनचे छोटे कारखानी ट्रॅक्टर मिळू लागले, आणि एपाची शेतीतील गरज हळूहळू ओसरली. परंतु कायद्यातील वर्ग शिल्लक राहिला. मोटार चालविण्यास अठरा वर्षांची अट असताना ट्रॅक्टर त्याहून लहान वयात चालविता येई. सबब विरळ वस्तीच्या प्रदेशातील तरुणांनी या वर्गाचा आश्रय घेतला. १९७५ साली एपाची नवी नोंदणी थांबवून त्याच्या जागी ‘ए-ट्रॅक्टर’ हा वर्ग आणण्यात आला. त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत मर्यादित असून पंधराव्या वर्षी परवाना काढून तो चालविता येतो. २०२० मध्ये तांत्रिक अटी सैल होताच त्यांची संख्या झपाट्याने वाढली. अपघातही वाढले, आणि २०२३ मध्ये शासनास आसनपट्ट्यांसंबंधी कडक नियम करावे लागले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, टंचाईच्या काळात केलेली कायदेशीर व्याख्या टंचाई संपल्यावरही जगते, आणि पुढची पिढी तिच्यात स्वतःचा वेगळाच हेतू ओतते. दुसरी गोष्ट इतिहासाच्या साधनांविषयीची. स्वीडनमधील या यंत्रांचा माग कायद्यांच्या आधारे काढता येतो. परंतु कायदा वाहनाची व्याख्या सांगतो, त्याने किती एकर जमीन नांगरली हे सांगत नाही. ते जाणण्यास संग्रहालयांत व कोठारांत उरलेली यंत्रेच वाचावी लागतात. वितळजोडाची खूण, दुसऱ्यांदा पाडलेले छिद्र, भलत्याच वाहनाचा आस, ही त्या काळच्या कारागिराची हस्ताक्षरे होत. कागदी दस्तऐवजाइतक्याच काटेकोरपणे ती वाचावयास शिकल्याखेरीज यांत्रिकीकरणाचा इतिहास कारखान्याच्या दाराबाहेर पडणार नाही.