कासव, मण्यार आणि काशी : प्राणिशास्त्राच्या पदवीचा एक इतिहास

वाराणसीत मणिकर्णिका घाटाला लागूनच शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो १८३०च्या सुमारास बांधवला. बांधकाम इतके अवजड झाले की खालची जमीन खचली आणि घाट खाली बसला. तेथील रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूला कललेले दिसते आणि पावसाळ्यात गंगेच्या पाण्यात बरेचसे बुडते. इतिहासाच्या अभ्यासात हा घाट मराठी राजघराण्यांच्या काशीतील बांधकामांचे उदाहरण म्हणून येतो. या टिपणात आपण त्याच घाटावरून प्राणिशास्त्र या विषयाचा इतिहास पाहणार आहोत.

त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. ‘यात पुढे काय?’ हा प्रश्न घरात आणि समारंभात त्यांना विचारला जातो. त्याचे उत्तर पदांच्या यादीतून पुरते मिळत नाही. ही पदे कशी निर्माण झाली आणि त्यांवरची माणसे नेमके काय करतात, हे कळले तर ते मिळते.

१. एकाच वर्षी दोन संस्था

१९१६ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी फेब्रुवारीत बनारस हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी झाली आणि जुलैमध्ये कलकत्त्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल होते. देशातील प्राणी गोळा करणे, ओळखणे, त्यांची नोंद ठेवणे आणि नमुने जपणे हे या संस्थेचे काम. एकीकडे प्राणिशास्त्र शिकवणारी विद्यापीठे वाढत गेली आणि दुसरीकडे ते शिकलेल्यांना काम देणारी संस्था उभी राहिली.

पुढे या संस्थेचा वाराणसीशी थेट संबंध आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिचे कार्यालय आणि संग्रह कलकत्त्याहून वाराणसीत वरुणा नदीकाठच्या कैसर कॅसल या इमारतीत हलवण्यात आले. १९४३ साली वरुणेला मोठा पूर आला आणि संग्रहाचे फार नुकसान झाले. बरणीतला बेडूक भिजला तर काय बिघडले, असे तुम्हाला वाटेल. पण नमुना कोठे, कधी आणि कोणी पकडला हे सांगणारी चिठ्ठी नष्ट झाली, की त्या नमुन्याचे शास्त्रीय मोल जवळजवळ संपते. प्रयोगवहीत तारीख आणि ठिकाण लिहायला शिक्षक का लावतात, हे यावरून समजून घ्या.

२. मण्यारीपासून न्यायालयापर्यंत

आता विद्यापीठाकडे वळू. जौनपूर जिल्ह्यातील कलवारी गावचे लालजी सिंह बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकले. १९६६ साली ते प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले. नंतर प्रा. एस. पी. राय-चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सापांच्या गुणसूत्रांवर पीएच.डी. केली. सापांची गुणसूत्रे मोजून नोकरी मिळेल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर हसूच आले असते.

माणसात पुरुषाची लिंगगुणसूत्रे एकमेकांपेक्षा वेगळी असतात, बहुतेक सापांत मादीची. पट्टेरी मण्यारीच्या मादीतून मिळालेल्या डीएनएचा अभ्यास करताना सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा येणारे काही छोटे क्रम आढळले. तसेच क्रम इतर प्राण्यांत आणि माणसातही होते. व्यक्तीव्यक्तीत त्यांचा आराखडा बदलतो, म्हणून त्यावरून व्यक्ती ओळखता येते. हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात सिंह यांनी यातून डीएनए ठशांची भारतीय पद्धत विकसित केली. पितृत्वाच्या आणि गुन्ह्यांच्या खटल्यांत ती वापरली गेली. पुढे ते त्या केंद्राचे संचालक झाले आणि २०११ ते २०१४ या काळात आपल्याच विद्यापीठाचे कुलगुरू.

आज न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नोकरी करणारा प्राणिशास्त्राचा पदवीधर याच वाटेने चाललेला असतो.

३. घाटाखालची कासवे

पुन्हा शिंदे घाटावर येऊ. शेजारच्या मणिकर्णिकेवर रात्रंदिवस चिता जळतात आणि काही अर्धदग्ध अवशेष नदीत जातात. १९८६ साली गंगा कृती योजना वाराणसीत सुरू झाली. त्या काळात मांसभक्षक कासवे नदीत सोडावीत, म्हणजे ती हे अवशेष खातील, असा उपाय पुढे आला. अंडी आणून सारनाथच्या केंद्रात पिल्ले वाढवली गेली. १९८९ साली रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे ७ किलोमीटरचे पात्र कासव अभयारण्य म्हणून घोषित झाले. शिंदे घाट याच पट्ट्यात येतो. २०२०मध्ये हा दर्जा काढून घेण्यात आला आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही जिल्ह्यांतील गंगेच्या पट्ट्याला तो देण्यात आला.

या योजनेचे प्रश्न प्राणिशास्त्राचेच आहेत. कोणती जात मांस खाते? सोडलेल्या पिल्लांपैकी किती जगतात? अंडी घालायला लागणारी वाळू उपशामुळे उरली आहे का? ही उत्तरे आधी मिळवली नाहीत, तर योजनेची गत खचलेल्या घाटासारखी होते. ती मिळवणाऱ्या माणसाला वनखाते, संशोधन संस्था आणि संवर्धन संस्था काम देतात.

४. तुमच्यासाठी वाटा

प्राणिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वन सेवेची परीक्षा देता येते. शाळेत शिकवायचे असेल तर बी.एड. करावे लागते. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून महाविद्यालयीन अध्यापनाकडे आणि संशोधनाकडे जाता येते. वन्यजीवांसाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था (१९८२) आणि मत्स्यविज्ञानासाठी मुंबईतील वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. प्राणी सर्वेक्षण संस्थेचे एक केंद्र पुण्यातही आहे.

यांतील बहुतेक चांगल्या कामांना नुसती पदवी पुरत नाही आणि पहिली काही वर्षे प्रकल्पावरच्या तात्पुरत्या जागांवर जातात. घरी हे आधीच स्पष्ट सांगा. त्याचबरोबर दुसऱ्या वर्षापासून एखादा प्राणीगट निवडा. तुमच्या ओढ्यातले मासे चालतील किंवा आवारातले कोळी. त्यांच्या नोंदी तारखेसह ठेवा. पुढे मुलाखतीत ‘तुम्ही काय केले आहे?’ असे विचारले, तर गुणपत्रिकेबरोबर ती वहीही पुढे करता येईल.

विचारासाठी : तुमच्या गावच्या नदीत एखादी जात सोडण्याची योजना आली, तर सोडण्यापूर्वी कोणत्या पाच गोष्टी मोजाल? प्रत्येकीचे कारण दोन वाक्यांत लिहा.