मानवाकृतीच्या अभ्यासाचे घराणे : सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाटचाल

मुंबईत चित्रकलेचे रीतसर शिक्षण देणारी शाळा असावी, या विचाराला पैशाचे पाठबळ मिळाले ते १८५३ साली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. लहान वयात पोरके झालेले आणि बाटल्यांच्या व्यापारापासून चीनच्या मोठ्या व्यापारापर्यंत पोहोचलेले जमशेटजी हे ‘सर’ हा किताब मिळवणारे पहिले हिंदी गृहस्थ. देणगी आणि शाळा यांच्यामध्ये चार वर्षे गेली. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत रेखाटनाचा वर्ग भरू लागला. मुंबई विद्यापीठही त्याच वर्षीचे. एका शहराने एकाच वर्षी पुस्तकी विद्या आणि हाताची विद्या या दोन्हींची सोय केली, ही गोष्ट आवर्जून नोंदवावी अशी आहे.

युरोपीय पद्धतीचे चित्रण महाराष्ट्राला त्याआधी अगदीच अपरिचित होते असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारात आलेला जेम्स वेल्स हा चित्रकार सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून रंगवत होता. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट हा मराठी कलावंत तयार झाला. वेल्स १७९५ मध्ये वारला आणि तो धागा तुटला. मुंबईच्या शाळेला पुढे सारे नव्याने उभारावे लागले.

पहिली आठ वर्षे चाचपडण्याची होती. स्वतःची जागा नव्हती आणि हेतूही पुरता ठरला नव्हता. कारागीर घडवायचे की कलावंत, या प्रश्नाने संस्थेचा पुढे पन्नास वर्षे पाठलाग केला. १८६५ मध्ये इंग्लंडहून तीन शिक्षक आले, तेव्हा कामाला वळण लागले. जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे सजावटीचे चित्रण, जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे मूर्तिकाम आणि हिगिन्स यांच्याकडे धातुकाम, अशी वाटणी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस शाळेच्या आवारात किपलिंग यांना मुलगा झाला, तोच पुढे लेखक म्हणून गाजलेला रुडयार्ड. १८६६ मध्ये शाळेचा कारभार सरकारने हाती घेतला. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पे आणि बोरीबंदर स्थानकावरची पाने, फुले, प्राणी यांची कोरीव सजावट पाहिली म्हणजे या शाळेतल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मुंबईच्या रूपाला किती हातभार लावला, ते दिसते.

१८७८ मध्ये जॉर्ज ट्विग मोलेसी यांनी आराखडा केलेल्या स्वतःच्या इमारतीत शाळा आली. उंच छत आणि उत्तरेचा सारखा प्रकाश असे हे वर्ग आजही वापरात आहेत. तेथे जो अभ्यासक्रम रुजला, तो युरोपातील अकादमींनी दोन-तीन शतके घोटून तयार केलेला होता. आधी भूमितीच्या आकृत्या. मग छापील चित्रांवरून नक्कल. त्यानंतर ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृतींसमोर बसून छायाप्रकाशाचा अभ्यास. आणि हे सारे पचल्यावर जिवंत माणूस. प्लास्टर पांढरे असते आणि हलत नाही. म्हणून गोलाईवर प्रकाश कसा सरकतो, सावली कुठे गडद होते आणि तिच्या पोटात परावर्तित उजेड कसा उमटतो, हे नवशिक्याला त्यावर नीट वाचता येते. एकेका रेखाटनाला आठवडेच्या आठवडे लागत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्या परंपरेचे हे शिक्षण होते, तिची मूळ चित्रे या विद्यार्थ्यांसमोर नव्हती. मुंबईत १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडेपर्यंत आणि टाटा घराण्याने जमवलेली युरोपीय चित्रे तेथे पोहोचेपर्यंत ती पाहण्याची सोय नव्हती. राफाएल आणि मायकेलअँजेलो येथे आले ते कोरीव ठशांवरून छापलेल्या कागदांवर, रंगांशिवाय. प्लास्टर आणि कागद एवढ्या भांडवलावर मराठी, पारशी, गोमंतकीय मुलांनी ही विद्या हस्तगत केली. या संस्थेचे मोठेपण प्रथम येथे आहे.

विद्यार्थ्यांना देशी परंपरेकडे नेण्याचे कामही ग्रिफिथ्स यांनीच केले. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजींसारख्या शिष्यांनी लेण्यांतल्या अंधुक उजेडात भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला पाठवण्यात आल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळून गेल्या. इतक्या वर्षांच्या श्रमांची अशी राख झाल्यावरही काम अर्ध्यावर सोडले गेले नाही. १८९६-९७ मध्ये अजिंठ्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि उरलेल्या श्रमांचे चीज झाले.

शतकाच्या अखेरीस या शिक्षणाला फळे आली. कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये दाखल झाले आणि १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेचे साहित्य घेऊन निघालेली ही नऊवारीतली तरुणी ग्रीक पुतळ्यांच्या अभ्यासातून उभी राहिली, तरी तिचे उभे राहणे, पदराची चुणी, पावलांचा ठेका सारे इथलेच आहे. रवींद्रनाथ टागोरांनी या शिल्पावर लेख लिहिला. आबालाल रहिमान, पिठावाला, त्रिंदाद, हळदणकर ही नावे याच वर्गांतून पुढे आली. एका पिढीने शिकायचे आणि पुढच्या पिढीला शिकवायचे, अशी घराण्याची रीत येथे पडली. धुरंधर स्वतः १९३१ पर्यंत शिकवत राहिले, काही काळ त्यांनी संस्थेची धुराही वाहिली. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’.

कागदावरून आलेली ही विद्या कागदावरूनच घराघरांत गेली. ज्या १८७८ साली शाळा स्वतःच्या इमारतीत आली, त्याच साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना उभारला. तो पुढे मळवलीला हलला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. शिळाछापाचे काम कष्टाचे. दगडावर चित्र उलटे काढायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि एका कागदावर सगळे रंग केसाचाही फरक न पडता बसवायचे. धुरंधरांची चित्रे या मळवलीच्या छापखान्यातून निघाली, पोस्टकार्डांवर आणि पुस्तकांतही छापली गेली. देव्हाऱ्याच्या भिंतीवरच्या लक्ष्मीच्या हातांना हाडे आणि स्नायू मिळाले, तिच्या चेहऱ्यावर एका बाजूने उजेड पडू लागला, तो या शिस्तीचा प्रताप. संग्रहालयाची पायरी कधी न चढलेल्या माणसानेही अकादमीतले मानवी शरीर रोज नमस्कार करताना पाहिले. पुढे १९३७ च्या सुमारास येथून शिकून बाहेर पडलेल्या दीनानाथ दलालांनी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि ‘दीपावली’ अंक यांतून ही शिस्त आणखी पुढे नेली.

ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ च्या सुमारास प्रमुख झाले आणि नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा लाइफ क्लास सुरू झाला. तोवर अकादमीच्या अभ्यासक्रमाची ही शेवटची पायरी येथे अपुरीच होती. सॉलोमन यांनी त्याच जोडीने भित्तिचित्रांचा वर्ग काढला. दिल्लीच्या नव्या सचिवालयाच्या भिंती या विद्यार्थ्यांनी रंगवल्या. युरोपीय शरीररचना आणि हिंदी विषय यांची ही सांगड काहींना कृत्रिम वाटली. बंगालच्या कलावंतांनी तीव्र टीका केली. परंतु आज ती चित्रे पाहताना त्यांतले रेखाटन किती पक्के आहे, हे नाकारता येत नाही.

१९३० च्या दशकाच्या आरंभी मंदीची झळ लागली. सरकारी काटकसरीच्या नावाखाली शाळा बंद करण्याची शिफारस झाली. लोकांतून विरोध उठला आणि संस्था तरली. १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला, १९३७ मध्ये आलेल्या चार्ल्स जेरार्ड यांनी आधुनिक युरोपीय चित्रकलेची दारे उघडली. रझा, सूझा, गायतोंडे, तय्यब मेहता हे याच आवाराशी जोडलेले. १९४२ च्या चळवळीतील सहभागापायी सूझांना शाळा सोडावी लागली. या पिढीने अकादमीची शिस्त झुगारली असे म्हटले जाते. पण झुगारण्यापूर्वी ती त्यांनी शिकून घेतली होती. दुसरीकडे एम. आर. आचरेकरांनी ‘रूपदर्शिनी’ या पुस्तकात भारतीय मानवाकृतीचा स्वतंत्र विचार मांडला, तर वाय. के. शुक्ल यांनी इटलीत घेतलेल्या शिक्षणानंतर एचिंगसारखी मुद्राचित्रणाची तंत्रे येथे आणली. छापणे ही केवळ नक्कल नसून स्वतंत्र निर्मिती आहे, हे भान अशा शिक्षकांमुळे रुजले.

स्वातंत्र्यानंतर वास्तुकला आणि उपयोजित कला या शाखा वेगळ्या संस्था झाल्या. १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आजही त्याच्याकडून घेतल्या जातात. पेन्सिलची टोके काढून स्थिरचित्राच्या पेपरला बसलेला तालुक्याच्या गावातला मुलगा, जमशेटजींच्या शाळेतल्या पहिल्या धड्यांचाच वारसदार आहे. शंकर पळशीकर, संभाजी कदम, बाबूराव सडवेलकर यांच्यासारख्या अध्यापकांनी रेखाटनाचा आग्रह सोडला नाही. १९७७ मध्ये येथून पदविका घेतलेल्या वासुदेव कामत यांना २००६ मध्ये अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाले, ते त्यांनी रंगवलेल्या पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. एकेकाळी ज्या जगाकडून प्लास्टरच्या प्रती मागवाव्या लागत, त्या जगाच्या स्पर्धेत या शाळेचे रेखाटन अव्वल ठरले.

मधल्या दशकांत अध्यापकांच्या जागा दीर्घकाळ रिक्त राहिल्या आणि जुन्या संग्रहाची देखभाल मागे पडली. तरीही वर्ग भरत राहिले, वार्षिक प्रदर्शने होत राहिली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. कला, वास्तुकला आणि डिझाइन या शाखा त्यामुळे पुन्हा एका छत्राखाली आल्या. आता पहिले काम आहे ते रिक्त जागांवर कायम अध्यापक नेमण्याचे आणि दीडशे वर्षांतील विद्यार्थ्यांची रेखाटने, शिल्पे, छापचित्रे नीट जतन करून लोकांना पाहायला खुली करण्याचे.